काट्याचा दिवा

आजकाल मी ज्या पेट्या लोकांच्या दुकानांतून, शाळांतून लावून देतो त्यांना स्विच म्हणतात. प्लग लावायचा, तारा खोचायच्या, हिरवे दिवे लागले की काम झालं. त्यात काही ठरवायचं नसतं, काही विचारायचं नसतं. गिऱ्हाईक म्हणतं, एवढंच? मी म्हणतो, एवढंच. पण शेवटची तार खोचताना माझा हात अजून थबकतो. दिवा लागला की पलीकडे कोण आहे, हे मी एकदा जाऊन बघून येतो. हाताखालची मुलं हसतात. हसू देत.

पहिली पेटी मी परभणी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात लावली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. मी कोकणातला. आठवीत शाळा सुटली, मामाच्या ओळखीने पुण्याच्या एका वायरिंगच्या कंत्राटदाराकडे लागलो, आणि त्याने मला तिकडे नेऊन सोडलं. समुद्र नाही, डोंगर नाही, नजर जाईल तिथवर काळी जमीन. भाषा मराठीच, पण पहिले काही दिवस मी नुसता मान हलवत होतो. घरी परतायची सोय नव्हती. थोरल्या भावाने निघताना सांगितलं होतं, हात हलवत परत आलास तर दार उघडणार नाही. तो शब्दाचा पक्का आहे, आजही.

तिथे मला सांभाळून घेतलं काटाबाबूंनी. कारखान्यात ऊस ज्यावर तोलतात तो काटा. बैलगाडी, ट्रॅक्टर सगळं त्यावरून जातं, आणि वजन लिहून घेणारा तो काटाबाबू. चाळिशीचा माणूस, मिशीत हसणारा. मला 'कोकणपट्टी' म्हणायचे, मी त्यांना दादा. त्यांनीच कॉलनीत खोली मिळवून दिली, त्यांच्या घरी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी माझ्या घशातून उतरेना तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, माझ्यापुरता भात टाकायला सुरुवात केली.

"कोकणपट्टी, भात खाऊन वायरी ओढायला ताकद येती व्हय रे?"

"खाऊ द्या की त्यांला," वहिनी म्हणायच्या. "तुमी वजन करा गाड्याचं, जेवणाराचं नका करू."

कचेरीत चार कॉम्प्युटर आले होते. पुण्याचे इंजिनिअर येऊन मोठं मशीन बसवून गेले आणि मला एक आठ भोकांची पेटी दाखवली. तिला तेव्हा हब म्हणत. आताच्या स्विचला निदान कुणाचं बोलणं कुणाकडे पोचवायचं ते कळतं. हबला तेही कळत नसे. एकाने सांगितलेलं सगळ्यांना ओरडून सांगायचं, एवढंच त्याचं काम. इंजिनिअर म्हणाले, आठ रंगांच्या तारा या क्रमाने प्लगात बसव, चिमट्याने दाब, एक टोक पेटीत, एक मशीनमध्ये. कडेला एक वेगळं भोक आहे, ते दुसरी अशीच पेटी जोडायची असेल तर. ते मोकळंच ठेव. एक जास्तीची पेटीही ते ठेवून गेले, ही बिघडली तर असावी म्हणून.

भोकांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. माझं अक्षर बघून काटाबाबूंनी पेन हातातून घेतलं. हिशेब, भांडार, शेती खातं, रिकाम्या भोकांवर 'राखीव'. शेवटच्या भोकावर त्यांनी स्वतःचा 'काटा' लिहिला, ट-चा काना जरा जास्तच लांब ओढून. मी त्यांच्या केबिनपर्यंत तार नेली, मशीनला लावली, आणि पळत कचेरीत येऊन बघितलं.

"लागला!" मी खिडकीतून ओरडलो. "दिवा लागला!"

वहिनी तेव्हा त्यांचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेटीकडे बघत विचारलं, "ह्यो दिवा कशाचा?"

"काट्यावर दादा आहेत, त्याचा दिवा," मी म्हणालो. "तिकडचं माणूस जोडलेलं असलं की लागतो."

आम्ही वायरमन असंच बोलतो. माणूस नाही, मशीन, हे सांगायचं माझ्या ध्यानातही आलं नाही.

गळीत, म्हणजे ऊस गाळायचा हंगाम, सुरू व्हायच्या आधी चाचणी असते. त्या सकाळी पहिली गाडी काट्यावर चढली, काटाबाबूंनी वजन घेतलं, गाडीवानाला पावती दिली, आणि टेबलावर डोकं टेकलं. गाडीवानाला वाटलं, पेंगले. तो पुढे निघून गेला. मागच्या गाडीवाल्याने हाका मारल्या तेव्हा कळलं, ते गेले होते.

त्या केबिनमध्ये बसायला कुणी तयार होईना. शेवटी गेटच्या दुसऱ्या बाजूला नवी केबिन उभारली, मशीन तिकडे गेलं, मी नवी तार ओढली, 'काटा नवा' अशी चिठ्ठी लावली. जुनी तार बैलांच्या पायात येत होती म्हणून कचेरीपर्यंत ओढून घेतली आणि गुंडाळून टेबलाखाली ठेवली. पेटीतलं टोक काढायला लागलो तर हेडक्लार्क म्हणाले, "असू दे, पुढच्या साली लागंल." ते टोक तसंच राहिलं. 'काटा' लिहिलेला दिवा मात्र विझलेला. मी पेटीकडे बघायचं टाळत असे.

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या जानेवारीत वहिनींना कारखान्याने कामावर घेतलं. नवऱ्याच्या जागी, पण शिपाई म्हणून, तेही सहा महिने बघू अशा बोलीवर. संक्रांतीला कॉलनीतल्या बायका वाण घेऊन घरोघर जात होत्या तेव्हा वहिनी कचेरी झाडत होत्या. त्याच दिवसांत नामांतराचा निर्णय झाला आणि एसटी बंद पडली. जुनी माणसं मागची दंगल आठवून दारं लवकर लावून घेत. कारखाना चालू होता, पण लोक हळू आवाजात बोलत. आणि तेव्हाच काट्याचं ते सुरू झालं.

रोज सकाळी, कचेरी उघडायच्या जरा आधी, नव्या केबिनमधलं मशीन गपकन थांबायचं. वजन पडद्यावर दिसायचं, पण मोठ्या मशीनकडे जायचं नाही, पावती निघायची नाही. गाड्यांची रांग लागायची. मी काट्यावरून कचेरीकडे धावत सुटायचो. पोचेपर्यंत सगळं ठीक. वहिनी फरशी पुसत असायच्या. पेटीचे दिवे नेहमीसारखे लुकलुकत. परत काट्यावर जावं तर पावत्या निघायला लागलेल्या.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, वीज कमी-जास्त झाली असेल. दुसऱ्या दिवशी प्लग बदलले. मग अख्खी तार तपासली. तोवर काट्यावरच्या माणसांनी आपलं ठरवून टाकलं होतं.

"बाबू आलाय जनू," एक गाडीवान म्हणाला.

"यीळ बी त्योच हाय," दुसरा म्हणाला. "पैल्या गाडीचा. त्यांला वजन घेऊ द्या, मंग तुमचं घ्या."

"लय कडक मानूस. काटा मारू देत न्हवता कुनाला. मेल्यावर तरी कसा देईल?"

हसले सगळे. पण मशीन थांबलं की बैलांसमोरून बाजूला होत आणि हात जोडत. मला हसू येत नव्हतं. मला त्यांचं म्हणणं पटायला लागलं होतं, हे जास्त वाईट होतं. सकाळी काट्याकडे जाताना जुन्या केबिनच्या काचेत मला माझंच तोंड दिसे आणि मी दचकत असे.

हेडक्लार्क साठीला टेकलेले, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. त्यांनी मला टेबलापुढे उभं केलं.

"काय करायलास रे कोकण्या? शेतकरी बोंबलायलेत. पुण्याला तार करावं तर तुझे इंजिनिअर येतेत कशानं, एसटी बंद."

"बघतोय साहेब."

"आठ दिस झाले बघायलास. तुला जमत न्हाई म्हन, म्हंजे फैसला करता येतो. एसटी चालू झाली की पैल्या गाडीत बसवितो तुला. जा आपल्या समिंदराकडं."

वहिनी पाण्याचा ग्लास ठेवत होत्या. त्या माझ्याकडे बघतील असं वाटलं, पण त्या खाली बघूनच बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी काट्यावर गेलो नाही. उजाडलं तसा कचेरीच्या दाराशी गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत झाडलेल्या फरशीचा ओला वास. पेटी ठेवलेल्या टेबलापुढे वहिनी बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, हात जोडलेले. आणि पेटीवर, त्या लांब कान्याच्या अक्षराखाली, दिवा लागलेला होता.

लुकलुकत नव्हता. स्थिर होता. बाकीचे सगळेही तसेच, एकदम, डोळे ताणून बघावं तसे. बाजूचा, एरवी विझलेला असतो तो तांबडाही.

मी दाराची चौकट धरली. त्या तारेच्या पलीकडे कुणी नव्हतं. ती तार पलीकडे जातच नव्हती. मग हा दिवा कुणाचा? मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. बाहेरून काट्यावरचा ओरडा ऐकू आला, बंद पडलं रे, बंद पडलं. वहिनींनी डोळे उघडले, पुढे वाकल्या, आणि कडेच्या वेगळ्या भोकातून एक प्लग काढून घेतला. दिवा विझला. बाकीचे लुकलुकायला लागले.

टेबलाखालच्या गुंडाळीचं मोकळं टोक होतं ते. सगळ्या भोकांवर चिठ्ठ्या, हे एकच बिनचिठ्ठीचं, म्हणून त्यात खोचलेलं. दुसऱ्या कुठल्या भोकात खोचलं असतं तर काही झालं नसतं, दिवाच लागला नसता. इथे मात्र एका तारेची दोन्ही टोकं एकाच पेटीत गेली. पेटी स्वतःच ओरडायची, तेच तिला परत ऐकू यायचं, तेच पुन्हा ओरडायची. त्या गलक्यात दुसऱ्या कुणाला बोलताच येत नव्हतं.

मी काही बोलायच्या आत मागून हेडक्लार्क आले. काट्यावरचा फोन त्यांच्या घरी गेला होता. त्यांनी आमच्या दोघांकडे बघितलं.

"सापडलं?"

"सैल तार होती साहेब," मी म्हणालो. "बसवली."

"मंग रोज त्याच यीळेला सैल व्हती व्हय?"

वहिनी उठल्या. "म्याच लावत हुते साहेब. ह्यांला काडू नका."

"तू? काहून?"

"हितं दिवा लागतोय म्हनून." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "काट्यावर तेरा दिस दिवा ठिवायचा हुता मला, ते गेले तितं. वाचमन म्हनले, बगॅस हाय, वाळलं चिपाड, आग लागंल, साहेबाचा हुकूम न्हाई. घरी लावला म्या. पन मानूस गेला कुटं आन् दिवा कुटं? ह्यो दिवा तर आगीचा न्हाई. जरासा लावायचे, हात जोडायचे, काडून घ्यायचे. काटा बंद पडतोय ते माज्यामुळं, हे मला कुटं ठावं हुतं?"

"तो हुकूम माझाच हुता," हेडक्लार्क म्हणाले. बाहेर पावत्यांचं यंत्र कुरकुरू लागलं होतं. "दिवा हाय म्हनून तुला कुनी सांगितलं?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "ह्यांनीच. तिकडचं मानूस जोडलेलं असलं की लागतो म्हनले."

"बरं केलंस रे कोकण्या," ते म्हणाले. "दोघांलाबी पैल्या गाडीत बसवावं लागतंय." ते खुर्चीत बसले, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काटा बंद पडनार न्हाई असा लावता येतो का, दिवा?"

मी कपाटातून जास्तीची पेटी काढली. कोपऱ्यातल्या फळीवर ठेवली, विजेला लावली. जुनी तार पहिल्या पेटीतून काढून तिचं एक टोक हिच्या साध्या भोकात आणि दुसरं कडेच्या वेगळ्या भोकात खोचलं. हिला दुसरी कुठलीच तार नव्हती, त्यामुळे कुणाचं काही अडणार नव्हतं. चिठ्ठी नखाने सोडवली आणि इकडे चिकटवली. दिवा लागला.

"हे काय म्हनून इचारलं कुनी तर?"

"टेस्टिंग," मी म्हणालो.

"टेस्टिंग," हेडक्लार्क स्वतःशी म्हणाले, शब्द पाठ करावा तसा.

एसटी सुरू झाली तेव्हा त्यांनी मला खरंच पहिल्या गाडीत बसवलं. परभणीहून प्लगांचा खोका आणायला. "संध्याकाळच्या गाडीनं वापस ये. न्हाई आलास तर समिंदरापत्तुर मानसं पाठवीन." गाडीत मी खिडकीला तोंड लावून बसलो होतो, माझे डोळे कुणी बघू नयेत म्हणून. त्या कारखान्यात मी पुढे सात वर्षं होतो. लग्न तिथे असतानाच झालं. वहिनींच्या नोकरीचा हुकूम पक्का झाला त्या दिवशी त्यांनी भात टाकला होता.

एसटी सुरू झाली त्या संध्याकाळी खोका घेऊन परत आलो तेव्हा कचेरी बंद झाली होती. खिडकीच्या गजातून फळीवरची पेटी दिसत होती. तिला एकही मशीन जोडलेलं नव्हतं, जोडणारा मीच. दिवा स्थिर असायला हवा होता. तो लुकलुकला. थांबला, पुन्हा लुकलुकला, कुणीतरी बोलत असावं आणि मधेच ऐकत असावं तसा. मिलच्या मोठ्या मोटारी सुरू झाल्या की विजेत खोट येते, तारेत काहीबाही उमटतं. तसंच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या वहिनींना मात्र हे सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. वॉचमन कुलूप हलवून बघून गेला तरी आम्ही दोघं तिथेच उभे होतो.