काकडीच्या बेटावरचे दोन दिवस

"एकदा पाण्यात ढकलल्याशिवाय पोरीची भीती जायची नाय," दीपक म्हणाला.

"अन् तीच गेली तर?" त्याच्या बायकोने, प्रतिभाने, पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले. "ढकलायला ती काय म्हैस हाय? तुम्ही लय शूर, तर रात्री परड्यात जाताना खोकता कशाला?"

खाटेवर पडलेला दीपकचा बाप केरू खुदकन हसला. दीपकचे कान लाल झाले.

उन्हाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी ओसरलं की काठापासून पन्नास पावलांवर एक बेट वर यायचं. त्याच्या गाळात हे घर काकडी आणि झेंडू लावायचं आणि माल नाशिकच्या बाजारात न्यायचं. पलीकडे जायला ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबांवर फळ्या बांधलेला तराफा होता. उद्या काकडीची तोड होती, हात कमी होते, आणि दहा वर्षांची हर्षाली तराफ्यावर पाय ठेवायला तयार नव्हती.

"तुझी आजी दोन दिवस त्या बेटावर अडकली होती," दीपक लेकीला म्हणाला. "एकटी. भ्याली का जरा तरी? अन् तू! उद्या तुला न्यायचीच, अन् मधोमध सोडायची."

हर्षाली आजीच्या पाठीला आणखी चिकटली. आजी, बयाबाई, मेथी निवडत होती. अकरा वर्षं ही शौर्याची गोष्ट तिच्यादेखत सांगितली जात होती आणि ती गप्प राहून ऐकत होती. आज मेथीची काडी हातातच राहिली.

चौऱ्याण्णवचा आषाढ होता. सकाळी केरूशी भांडण झालं, कशावरून ते आता दोघांनाही आठवत नव्हतं. "जाते माझ्या माहेराला, कळवणला," असं ओरडून ती निघाली, पण पाय बेटाकडे वळले. काकडीचा शेवटचा माल पाण्याखाली जाणार म्हणून जीव तुटत होता. गाईसाठी गवतही कापलं. भारा बांधायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तराफ्याचा दोर सोडला आणि तराफ्यावर एक धोंडा ठेवला. भारा बांधून वळून पाहते तर तराफा धोंड्यासकट निघाला होता, बैलासारखा सावकाश, मान खाली घालून.

मग धुकं उतरलं. काठ गेला, बाभळी गेल्या, डोंगर गेला. सगळं नाशिक बत्ताशासारखं पाण्यात विरघळून गेलं असं तिला वाटलं. उरलं ते पांढरं, आणि त्यात वावराएवढं बेट. पाणी चढत गेलं तसं ते अंगणाएवढं झालं. तिने पाण्याच्या कडेला काटकी रोवली. काटकी बुडाली की छातीत धस्स व्हायचं, आणि ती भाकरीचा डबा विळ्याने बडवायची. पुन्हा काटकी, पुन्हा धस्स, पुन्हा डबा. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. भुकेला काकड्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र सगळं गोड झालं. पाणी कोमट वाटायला लागलं, मऊ, जुन्या गोधडीसारखं. धुक्याच्या पलीकडून भाजत्या भाकरीचा वास आला. मेलेली आई उंबऱ्यात उभी होती. "ये गं, किती उशीर," म्हणाली. भीती कुठे गेली कळलंच नाही. विळा हातातून गळला. बयाबाई हसत पाण्यात उतरली, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत.

तेवढ्यात हातभर अंतरावरून एक पाणदिवड वळवळत गेली. त्या सापाला पाहून ती किंचाळली आणि धडपडत मागे आली. चिखलात बसून लटलट कापायला लागली. भीती परत आली होती, सगळीच्या सगळी. तिने डबा उचलला आणि असा बडवला की त्याचा तळ फुटला. तो आवाज ऐकून मासे धरणारा चिमाजी आपली होडी घेऊन आला.

"त्या दिवशी मी पाण्यात उतरले होते," बयाबाई म्हणाली.

हे कुणालाच माहीत नव्हतं.

"कशाला?" केरू खाटेवर उठून बसला.

"भीती संपली होती म्हणून. लय बरं वाटत होतं. तुमची सून म्हणते तशी म्हैस झाले होते, डुंबायला निघाले होते. साप दिसला नसता तर आज माझा फोटो असता तिथं, हार घातलेला."

"आन् मी इकडं," केरू पुटपुटला, "कळवणला गेलीस म्हणून दोन दिवस रुसून बसलेलो."

"ते मला माहीत हाय. त्याचंही भेव होतंच, की हा बाबा शोधायला यायचा नाय."

प्रतिभा तोंडाला पदर लावून हसली. दीपक हसला नाही.

"म्हणजे तू भ्याली होतीस, आई?"

"भेले म्हणून तर इथं मेथी निवडतेय. तुझ्यासारखीच बिनधास्त होते, म्हणून दोर सोडला होता. काल तू तराफ्याला गाठ तरी मारली होतीस का?"

काल दीपकने दोर बाभळीला नुसताच गुंडाळला होता. गाठ मारायला विसरला होता, आणि ते ओरडून सांगणारी हर्षालीच होती.

बयाबाईने निवडलेली मेथी सुपात टाकली, हात झटकले आणि हर्षालीला पाठीमागून पुढे ओढून आपल्याजवळ बसवलं.

"उद्या पोरगी तराफ्यावर बसणार नाय," ती म्हणाली. "काठावर दोर धरून बसंल. रोज तीच धरंल, अन् ती नको म्हणाली तर त्या दिवशी बेटावर कुणीच जायचं नाय."