आधी ऐका, मग हला

हात खांद्याच्या वर, आणि बोटं जितक्या जोड्या कमी तितकी. तुम्ही सिंगापूरात यिशुनला राहत असाल आणि कम्युनिटी क्लबच्या बाजूने संध्याकाळी कधी गेला असाल, तर असा हात वर करून उभे असलेले एक मराठी गृहस्थ तुम्ही पाहिलेही असतील. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पायात नाचाचे काळे बूट. जेवायला हॉकर सेंटरमध्ये दिसले तरी हात वर. दिवाळीच्या फराळाला भेटले तरी हात वर. मला ते पहिल्यांदा आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये भेटले.

"मराठी ना? नवरा आहे ना सोबत? छान." हात वर गेला, एक बोट. "आमची एक जोडी कमी आहे."

मला वाटलं पत्त्यांचा डाव असेल. होता नाच. स्क्वेअर डान्स.

चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात. माइकवर एक जण कॉल देतो, म्हणजे पुढे काय करायचं ते संगीताच्या तालावर सांगत जातो, आणि आठही जणांनी ते ऐकून लगेच करायचं. पुढचा कॉल काय येणार हे कुणालाच माहीत नसतं. लिफ्टमधल्या या काकांना हे एका गोऱ्या शिक्षकाने शिकवलं होतं. तो मायदेशी परतताना माइक काकांच्या हातात देऊन गेला. बँकेतून निवृत्त झालेले काका तेव्हापासून कॉल देत होते.

माझं सांगते. तालुक्याच्या गावी वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. मराठी शाळा. घरात पदवी घेतलेली मी पहिली. इथे आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत नोकरी लागली तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले होते. अशा घरातली मुलगी परक्या पुरुषाच्या हातात हात देऊन नाचणार? मी काकांना स्पष्टच सांगितलं, "काका, आमच्याकडे असलं काही नसतं."

"शाळेत लेझीम होती?"

"होती."

"शिट्टी वाजली की वळायचात ना? तेच आहे. फक्त इथे शिट्टीच्या जागी मी."

आम्ही गेलो. पहिल्या दिवशी माझे आणि नवऱ्याचे, नितीनचे, चारही पाय चार दिशांना. काका माइकवरून इंग्रजीत कॉल देत आणि मधेच मराठीत येत. "अलेमांड लेफ्ट! डावा हात, नितीन, डावा! जेवतोस तो उजवा!" बाकीचे चिनी आणि मलय नाचणारे हसून लोटपोट. आमच्या वर्गातल्या एक चिनी आजी मला इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाल्या, "अंकल व्हेरी स्ट्रिक्ट, ला. बट गुड."

त्यांचे नियम दोनच होते. पहिला, "आधी ऐका, मग हला." अंदाजाने हलणाऱ्याला ते माफ करत नसत. दुसरा, कुणाच्या चुकीने स्क्वेअर मोडला तर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. "घरी जायचं, हात धरायचे, थांबायचं." घरी म्हणजे जिथून नाच सुरू केला त्या आपापल्या जागी. मग पुढच्या कॉलला सगळ्यांनी पुन्हा सुरू करायचं. मला हा नियम फार आवडला. आमच्या शाळेत चुकणाऱ्याला बाहेर काढत.

स्क्वेअरमध्ये दर माणसाला एक जोडीदार असतो आणि एक कॉर्नर. कॉर्नर म्हणजे दुसऱ्या बाजूची शेजारीण किंवा शेजारी. कॉल द्यायला कुणी पाहुणा आला की काका स्वतः नाचत. तेव्हा त्यांच्या उजवीकडे काकू आणि डावीकडे मी. अलेमांड लेफ्ट आला की ते वळून डावा हात मला देत. काका म्हणत, "जोडीदार आईवडिलांनी बघून दिला. कॉर्नर मात्र मला लिफ्टमध्ये सापडला."

एका वर्षी काकांनी ठरवलं की ऑस्ट्रेलियातल्या स्क्वेअर डान्सच्या उत्सवाला जायचं. विमानाने पर्थ, तिथून मोटरहोम भाड्याने घेऊन दक्षिणेकडच्या एका लहान गावापर्यंत. ते दोघं आणि आम्ही दोघं. सिंगापूरमध्ये गाडी कधी न घेतलेले काका घराएवढी गाडी चालवायला बसले.

गाडीच्या पोटात स्वयंपाकघर, टेबल आणि झोपायच्या जागा. मधल्या वाटेवरून दोन माणसं एका वेळी जाऊ शकत नसत. काकांना तर पर्वणीच. सकाळच्या चहालाही कॉल सुरू. "नितीन, पास थ्रू, पलीकडे जा! काकू, जागेवर! कॉर्नर, साखर!" काकू म्हणायच्या, "अहो, दूध उतू जातंय, आधी स्वतः हला."

पहिल्याच दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. वळण घेऊन झालं तरी गाडीचा इंडिकेटर टिकटिक वाजत राहायचा. मैलोन्‌मैल सरळ रस्ता, दोन्हीकडे पिवळं गवत, आणि आमची गाडी सगळ्या जगाला सांगतेय की आम्ही आता डावीकडे वळणार. शेजारी बसलेल्या काकू हळूच हात लांब करून तो बंद करायच्या. मला वाटलं, नवी गाडी, विसरत असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्री मुक्काम केलेल्या कॅरव्हान पार्कमध्ये, काकूंनी खिचडीचा कुकर लावला. पहिली शिट्टी एवढी जोरात झाली की शेजारच्या गाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं. कुकरपासून हाताच्या अंतरावर बसलेले काका नकाशातून मान वर न करता म्हणाले, "अगं, अजून शिट्टी कशी होत नाही?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग मला घेऊन नळावर भांडी घासायला गेल्या.

"दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी कानाला यंत्र लावायला सांगितलंय. हे तयार नाहीत."

"पण वर्गात कधी कळलं नाही."

"वर्गात हेच बोलतात. बोलणाऱ्याला ऐकावं कुठे लागतं?" त्यांनी ताटली दोनदा विसळली. "मला म्हणालेत, ज्याला ऐकू येत नाही तो लोकांना कोणत्या तोंडाने सांगणार, आधी ऐका म्हणून? तिथे माझ्यामुळे स्क्वेअर मोडला तर परत गेल्यावर माइक ठेवून देणार. वर्ग बंद. आणि हा माणूस वर्ग बंद करून घरी बसला, तर मला बघवायचं नाही गं."

काकूंनीच युक्ती सांगितली. "उजवा हात मी सांभाळते. डाव्या हाताला तू आहेस. त्यांनी वळायच्या आधीच तू हात पुढे कर. तो दिसला की त्यांना कळेल."

उत्सवाचा हॉल धान्याच्या गोदामासारखा उंच होता. झालरी लावलेले घेरदार झगे, टोप्या, आणि पिकलेले केस. दाराशी एका टेबलावर छोटी यंत्रं मांडली होती. त्यातलं एक कानात घातलं की कॉल देणाऱ्याचा आवाज थेट कानात. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी सोय.

काका थांबून म्हणाले, "व्यवस्था बघा यांची! म्हाताऱ्यांची किती काळजी घेतात!" आणि पुढे गेले.

आमच्या दोन जोड्या. काकांनी हात वर केला, दोन बोटं. लगेच दोन ऑस्ट्रेलियन जोडपी येऊन उभी राहिली. तिथे असा हात दिसला की नाही म्हणायची पद्धतच नाही.

पहिले काही नाच उत्तम झाले. काकू डोळ्यांनी खूण करत होत्या, मी कॉलचा पहिला शब्द येताच डावा हात पुढे करत होते, आणि काका ऐटीत फिरत होते. त्यांच्याकडे बघण्याच्या नादात मी दोनदा नितीनच्या पायावर पाय दिला. नितीनला वाटलं मला चक्कर येतेय.

अलेमांड लेफ्टनंतर बहुतेक वेळा साखळी येते, एकाला उजवा हात, पुढच्याला डावा, असं सगळ्यांना भेटत जायचं. त्या वेळी माइकवरच्या माणसाने साखळी दिलीच नाही. आपल्या जोडीदाराला घेऊन घरी जा, म्हणाला. काका साखळीला निघाले. काकूंनी हात घट्ट धरून ठेवला होता. पण काकांना एवढी खात्री होती की त्यांनी तो सोडवून घेतला. ते थेट समोरच्या उंच गृहस्थांवर जाऊन आदळले.

आम्ही सगळे घरी गेलो. हात धरले. थांबलो. हॉलमध्ये बाकीचे सगळे स्क्वेअर फिरत होते आणि आमचा तेवढा उभा. काकांचा डावा हात माझ्या हातात होता. त्यांच्याकडे कुणीही बघत नव्हतं. त्यांचाच नियम होता तो.

संगीत थांबल्यावर काका चौकोनाच्या मधे आले. बँकेतल्यासारखे ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "माफ करा. चूक माझी. मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

समोरच्या उंच गृहस्थांनी टोपी काढून कान पुढे केला. कानात यंत्र. त्यांच्या बायकोने केस मागे सारले. तिच्याही. तिसऱ्यानेही आपल्या कानाकडे बोट दाखवलं. आता उरली चौथी. "हिला सगळं ऐकू येतं," उंच गृहस्थ म्हणाले, "पण ही कुणाचं ऐकत नाही."

काका असे हसले की त्यांना खोकला लागला. खोकला थांबल्यावर ते कुणालाही न सांगता दाराकडच्या टेबलापाशी गेले.

पुढच्या नाचात त्यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. "अगं, हा माणूस मधेमधे गातोय!" ते काकूंना ओरडून सांगत होते. आणि नाच संपताच माझ्याकडे वळून, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तू कॉलच्या आधी हात पुढे करतेस. किती वर्षं शिकवतोय? आधी ऐक, मग हल."

मी "हो काका" म्हटलं. काकू पाणी प्यायला निघून गेल्या.

सिंगापूरला परत आल्यावर काकांनी दोन्ही कानांना यंत्रं लावली. वर्ग चालू राहिला. पहिल्याच आठवड्यात पहाटे कोकिळेने त्यांना उठवलं. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा तक्रार करत होते, "हा पक्षी इथे कधीपासून आहे?"

काकू म्हणाल्या, "आपण आलो तेव्हापासून."

मागच्या वर्षी काका गेले. फार दिवस आजारी नव्हते. आता माइक त्या चिनी आजींकडे आहे. त्याही स्ट्रिक्ट आहेत.

काही आठवड्यांनी काकू वर्गाला आल्या. पायात बूट घालूनच आल्या होत्या. आमच्या स्क्वेअरमध्ये एक जोडी कमी होती. कुणी हात वर करायच्या आत काकू काकांच्या जागेवर, माझ्या उजव्या बाजूला, उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या जागेवर त्यांनी एका नव्या मुलीला उभं केलं.

संगीत सुरू झालं. आम्ही फिरलो, जागेवर आलो. मी सवयीने वळून डावा हात पुढे केला. काकूंचा डावा हात आधीच पुढे आलेला होता.

माइकवरून अजून काहीच कॉल आलेला नव्हता. आम्ही दोघी हात धरून तशाच उभ्या राहिलो, ऐकत.