लाल चकती

त्या ब्राझिलियन हॉटेलात प्रत्येकाच्या ताटाशी एक चकती असते. हिरवी बाजू वर असेल तोवर वेटर भाजलेल्या मांसाच्या सळ्या घेऊन येत राहतो. लाल केली की थांबतो. शेजारच्या टेबलावरच्या नवऱ्याने बायकोच्या तोंडात घास असतानाच तिची चकती उलटवली. "हिचं झालं," त्याने वेटरला सांगितलं. तिचा काटा हातातच राहिला. मग ती सवयीचं हसली. दुसऱ्याची भूक किती सहज संपवता येते. त्यासाठी आवाजही चढवावा लागत नाही. चिडून मी हे माझ्या बायकोला सांगायला वळलो, तर तिच्यापुढची चकती लाल होती.

"तुम्हीच केलीत मघाशी," ती म्हणाली. "माझ्या वजनाचं बोलत होतात तेव्हा."

तेवढ्यात वेटर आला. मी माझं ताट पुढे केलं.