तट्टीमागची सनई

"तुमची चाल झ्याक हाय रे. पर लग्नात माणसं दिसायला बरी पायजेत."

पाटील माझ्या बापाला म्हणाला. बाप त्याच्या ओसरीखाली, काढून ठेवलेल्या जोड्यांशेजारी उकिडवा बसला होता. मी बापाच्या मागं. वर ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर पुण्याहून आलेले बँडवाले, हातात कपबशा. अंगात लाल कोट, कोटाला पितळी बटणं. पाटलाची नजर त्या बटणांवरून हलत नव्हती.

चाकणजवळचं आमचं गाव. गावातल्या प्रत्येक लग्नात मांगवाड्यानं वाजवायचं, हे पणज्यापासून चालत आलेलं. बाप त्याला मान म्हणायचा. "आपल्या चालीबिगर त्यांचं देवक बसत न्हाई," असं छाती काढून सांगायचा. देवक म्हणजे मारुतीच्या देवळातून वाजतगाजत आणलेल्या डहाळ्या. त्या मांडवाच्या मेढीला बांधताना आमची सनई वाजलीच पाहिजे, असा रिवाज. मान तो एवढाच. वाजवायचं मांडवाबाहेरून, जेवायचं पंगती उठल्यावर.

पाटलाचा थोरला पुण्याला शिकायला होता. तिथं त्यानं बँड बघितला आणि आपल्या लग्नाला तोच पाहिजे म्हणून हटून बसला. म्हणून पाटलानं बँडला आणि आम्हाला, दोघांनाही वाजवून दाखवायला बोलावलं. बाजारात बैल बघतात तसं. बँडनं दणकून वाजवलं. पण देवकाची चाल त्यांना येईना, आणि पाटलाची म्हातारी आई आतून म्हणाली, "देवकाला आपलीच चाल पायजे."

पाटलाकडे अकलेचा तोटा नव्हता. त्यानं बापाला सांगितलं, ही चाल बँडच्या मास्तरला शिकव.

आणि बापानं शिकवली. मास्तर वर, बाप खाली. मास्तरचं क्लॅरोनेट दर खेपेला एकाच वळणावर अडखळायचं. गालात हवा धरून नाकानं दम घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही, हे अंगी यायला बापाची बारा वर्षं गेली होती. पाटलाला ते एका कप चहात पाहिजे होतं. मास्तर बिचारा खाली मान घालून बसला. तरी सुपारी बँडलाच गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, देवकाच्या सकाळी, पाटलाचा माणूस मांगवाड्यात आला. म्हणाला, "म्हातारी आडून बसलीया. तुमी गोठ्याच्या तट्टीमागनं वाजवायचं. म्होरं बँडवाले नुसते तोंडाला लावून हुबे राहत्याल."

मला हसू आलं. बाप हसला नाही. "जाया पायजे. मान हाय आपला," म्हणाला. त्याला खोकला झाला होता, म्हणून सनई माझ्या हाती दिली. मी तेव्हा विशीतला. पिंपरीला कारखान्याचा पाया खणायला जायचो, लग्नासाठी म्हणून गावी आलो होतो. तिथला मुकादम शिव्या द्यायचा, पण सगळ्यांना सारख्या द्यायचा. बापाकडे बघून मी निमूट गेलो.

तट्टी म्हणजे तुरकाठ्यांचा आडोसा. फटीतून सगळं दिसत होतं. मेढीजवळ डहाळ्या आणल्या, मी सनई लावली. समोर लाल कोटांनी गाल फुगवले. मास्तरची बोटं हलत होती, तीही चुकीची. पाटील पाहुण्यांकडे बघत होता. एक पाहुणा मान डोलवत म्हणाला, "पुण्याच्या बँडची बातच न्यारी."

मी सनई तोंडातून काढली. चालीच्या ऐन मध्यात.

मांडव गप्प. लाल कोटांचे गाल मात्र फुगलेलेच. बायकांत कुणीतरी फिस्कन हसलं. मी तट्टीमागून बाहेर आलो आणि मांडवासमोर उभा राहिलो.

"चाल आमची हाय. वाजवतो. पर हितं हुबा राहून, समद्यांच्या म्होरं."

"माघारी जा. तट्टीमागं," पाटील म्हणाला.

"न्हाई."

पाटलानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पाहुण्यांकडे. मग मेढीजवळच्या जावयाला म्हणाला, "बांधा डहाळ्या."

बांधल्या. सूर नाही, काही नाही. मांडव कोसळला नाही. म्हातारीनं हळदकुंकू वाहिलं आणि ती आत गेली. आमच्या चालीशिवाय देवक बसलं.

बाप गोठ्याच्या कोपऱ्यावर उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा मला अजून सहन होत नाही. जन्मभर ज्याला मान म्हणाला, ते त्याच्या डोळ्यांदेखत खोटं ठरलं होतं. त्यांना आमच्या सनईची गरज कधीच नव्हती. आम्ही बाहेर उभे पाहिजे होतो.

पाटलानं आमचं वाजवणं बंद केलं, शेतातलं कामही तोडलं. "मान घालवलास," म्हणून बाप कैक महिने माझ्याशी बोलला नाही. मी पिंपरीलाच राहिलो.

तीन वर्षांनी पाटलाच्या धाकट्याचं लग्न निघालं. तोच माणूस सुपारी घेऊन माझ्या खोलीवर आला. म्हातारीनं म्हणे पुन्हा हट्ट धरला होता. मी विचारलं, "मला हुबा कुठं करणार?"

तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

"मग त्या कोटांनाच गाल फुगवू द्या," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

सनई मी सोडलेली नाही. रोज वाजवतो. सुपारी कुणीही आणो, तिला हात लावण्याआधी मी हाच प्रश्न विचारतो. मांडवात, लोकांच्या समोर, असं उत्तर आलं तरच सनई पिशवीत घालून निघतो.