मागांच्या सुट्टीतलं गाणं

बाई टाळी देत नसत. ताल चुकला की मागे येऊन बसत आणि दोन बोटांनी पाठीवर मात्रा देत. टाळी ऐकूच गेली नसती. आमच्या संगीत केंद्राच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांतून तुम्ही कधी गेला असाल, तर तो खटखटाट तुम्हाला ठाऊक असेल. तिथं बोलायचं म्हणजे दुसऱ्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं.

अशा जागी मुलांना गाणं शिकवायचं कुणाला सुचेल? बाईंना सुचलं. त्या सरकारी शाळेत संगीत शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि गाण्याचा तासच गेला. मग बाईंनी गल्लीतल्या समाजमंदिराची मागची खोली मागितली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तितं ऐकू काय येणार?"

"म्हणून तर रिकामी हाय की," बाई म्हणाल्या. आमच्या केंद्राचा इतिहास इथून सुरू होतो.

आम्ही वैरागजवळच्या खेड्यातले. वडील नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला लागले म्हणून शहरात आलो. केंद्रात मी भिंतीला चिकटून बसायची. बाई मला गावावरूनच हाक मारत.

"ए वैराग, तोंड उघड की. कुणाला भितीस?"

"कुणाला न्हाय."

"मग मला का ऐकू येईना?"

वडिलांनी एकदा त्यांना विचारलं, "बाई, गाण्यानं मार्क वाढत्यात व्हय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मार्क न्हाय वाढत. पोरीचा आवाज वाढंल. कॉलेजात लागतोय तो." आमच्या घरात तोवर कॉलेज हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

मी दहावीत होते तेव्हा समाजाच्या पंचांनी ती खोली कॉम्प्युटरच्या क्लासला द्यायचं ठरवलं. बाई भांडल्या नाहीत. "आधी पोरांना ऐका, मग कुलूप लावा," एवढंच म्हणाल्या. पंचांना नीट ऐकू यावं म्हणून मागांच्या आठवड्याच्या सुट्टीचा दिवस ठरला.

त्या दिवशी खोलीत पहिल्यांदाच शांतता होती. आम्ही गायला लागलो आणि दुसऱ्याच ओळीला सगळं विस्कटलं. तबल्यावरच्या मुलाची लय पळत सुटली, आम्ही तिच्या मागे धावलो, दोघी मध्येच थांबल्या. तेव्हा कळलं की आम्ही सगळे नकळत मागांच्या ठोक्यावर गात आलो होतो. मागांच्या सुट्टीला केंद्रालाही सुट्टी असायची, त्यामुळे हे कधी उघडच झालं नव्हतं.

अध्यक्ष हळूच म्हणाले, "पोरं गडबडली, बाई."

"पोरं न्हाईत, मी गडबडले. मला वाटत होतं लय मी शिकवतेय. शिकवत होते माग." बाईंनी पेटीचा भाता बंद केला. "पुढच्या सुट्टीला परत या."

"आनि परत हेच झालं तर?"

"तर खोली मीच झाडून देते तुमाला."

आता शांत जागा हवी होती, आणि आमच्या भागात ती एकच होती, स्मशानाजवळचं मोकळं पटांगण. रोज सकाळी बाई आम्हाला तिथं नेऊ लागल्या. तबलेवाल्याची आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "अय्यो, अक्कड? तितं मसणात काय गायचं, बाई?"

"तिथंच बरं," बाई म्हणाल्या. "नावं ठेवायला कोण उठून येणार हाय?"

आई हसली, पण मुलाच्या खिशात लिंबू घालायला विसरली नाही.

तिथं बाई आम्हाला आधी गाऊच देईनात. नुसतं चालायला लावायच्या, मनात मात्रा मोजत. मग एकेकाला मध्येच थांबवून विचारायच्या, "आता कितवी?" चुकलं की रागावत नसत. "परत," म्हणत आणि स्वतःही पहिल्यापासून चालायला लागत. गुडघे दुखायचे त्यांचे. आम्ही थकलो तरी त्या थकत नाहीत, हे बघून आम्हाला थांबायची लाज वाटायची.

पुढच्या सुट्टीला पंच परत आले. आम्ही निम्मं गाणं गायलो असू, तेवढ्यात शेजारी मिस्त्रीनं दुरुस्त केलेला एक माग चालवून बघायला सुरुवात केली. त्याचा ठोका आमच्या दुप्पट. आम्ही सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, बोटसुद्धा हलत नव्हतं. त्या आमच्याकडे फक्त बघत राहिल्या. माग त्याच्या चालीनं गेला, आम्ही आमच्या.

फार सुरेल गायलो, असं मी म्हणणार नाही. पण गाणं सुरू केलं तसंच, एकत्र संपवलं. अध्यक्ष उठताना म्हणाले, "क्लासवाल्यांना दुसरी जागा बघू." बाईंनी मान हलवली आणि आम्हाला सतरंज्या झटकायला लावल्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. साधा ताप आला आणि बघता बघता सगळं संपलं. मी आता कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. बाईंचे दिवस झाल्यावर अध्यक्ष केंद्रात आले. मुलं वेळेवर येऊन बसली होती. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आता वर्ग कोण घेणार?"

सवयीनं मी बाई बसायच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं पेटीला टेकून एक लहान मुलगी नखं खात बसली होती.

"मी," मी म्हणाले.

माग चालू होते. अध्यक्षांनी कानामागे हात धरला. "काय?"

"मी घेते," मी म्हणाले. या वेळी शेवटच्या रांगेतल्या मुलांनीही वर पाहिलं.