हनिमूनला आम्ही तिघं

माझ्या दुसऱ्या लग्नाच्या हनिमूनला माझी पहिली बायको सोबत होती. ती जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

मी भालकीत वह्या-पुस्तकांचं दुकान चालवतो. घरात मी, माझी आई म्हणजे अव्वा, आणि सोळा वर्षांची मुलगी गौरी. पहिली बायको महादेवी काविळीनं गेली तेव्हापासून आमच्याकडं कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कुकरची शिट्टी झाली तरी तिघंही दचकायचो. सुजाता नौबादच्या शाळेत शिकवायची. तिचा नवरा मिलिंद अपघातात गेलेला, अकरा वर्षांची करुणा पदरात. शाळेच्या वह्या घ्यायला ती दुकानात यायची. पहिल्या वर्षी आम्ही फक्त वह्यांबद्दल बोललो, दुसऱ्या वर्षी गेलेल्या माणसांबद्दल, आणि तिसऱ्या वर्षी मी लग्नाचं विचारलं. (आमचं प्रेमप्रकरण ते एवढंच.)

आम्ही लिंगायत, ते बौद्ध. दोन्हीकडच्या नातेवाइकांनी आधी समजावलं, मग येणार नाही म्हणून कळवलं. तरीही एकाच दिवसात लग्न दोनदा लागलं. सकाळी नौबादच्या विहारात पांढऱ्या कपड्यांत. तिथं त्रिशरण म्हणताना मी दोनदा अडखळलो आणि भन्तेजी माझ्याकडं नापास मुलाकडं बघावं तसे बघत थांबले. दुपारी भालकीत जंगमस्वामींसमोर विभूती लावून. तिथं सुजातानं तळहातावर इष्टलिंग असं धरलं, जणू कुणीतरी आत्ताच मागून घेणार आहे. आलेल्या मोजक्या पाहुण्यांचे चेहरे तर असे होते, की नवख्या माणसानं हळूच विचारलं असतं, "मग, किती वाजता न्यायचं ठरलंय?"

गौरी दोन्हीकडं शेवटच्या रांगेत बसली. जेवण न करताच, परीक्षेचं कारण सांगून, दोन दिवसांसाठी मैत्रिणीकडं निघून गेली. मी अडवलं नाही. काय म्हणून अडवायचं, तेच मला कळत नव्हतं.

आता माझा पराक्रम. नवी सून घरात पाऊल टाकते आणि समोर भिंतीवर हार घातलेली पहिली बायको, हे बरं दिसणार नाही, असं मला वाटलं. सगळे मांडवात असताना मी घरी आलो, महादेवीचा फोटो काढला, टॉवेलात गुंडाळून एका राखाडी बॅगेत ठेवला. भिंतीवर चौकोनी डाग राहिला, तो झाकायला कॅलेंडर लावलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. आमच्याकडं तशा दोन राखाडी बॅगा होत्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका बॅगेत वरच्या वर चार शर्ट कोंबून मी हनिमूनला निघालो. तळाला टॉवेल हाताला लागला, तेव्हा उलट बरं वाटलं. चला, टॉवेल तर आठवणीनं घेतलाय.

हंपीला जायचं मीच ठरवलं होतं. (नव्या बायकोला पडकी देवळं दाखवायला न्यावं, हे मलाच सुचू शकतं.) होसपेटच्या लॉजवर दुपारी पोचलो. सुजाता बॅग उघडायला बसली आणि तेवढ्यात गौरीचा फोन आला. ती ठरल्याआधीच घरी परतली होती.

"पप्पा, आईचा फोटो कुठंय?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की काच तडकली होती, फ्रेमवाल्याकडं दिलाय. बोलता बोलता वळलो, तर सुजाताच्या हातात महादेवी. चंदनाच्या हारासकट. हाराला माझा एक मोजा अडकलेला. मी फोनवर "चार दिवसांत देतो म्हणलाय" हे सांगत होतो आणि त्या दोघी माझ्याकडं बघत होत्या.

फोन ठेवला. सुजातानं मोजा सोडवून बाजूला ठेवला, पदरानं काच पुसली आणि फोटो टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. मी खुलासा करायला लागलो. दोन बॅगांचा रंग, टॉवेल, कॅलेंडर, सगळं सांगितलं. जितकं खरं सांगत गेलो, तितकं ते खोटं वाटत गेलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "एवढं होतं तर मला सांगायचं. मी मिलिंदलाही आणला असता."

मग ती रडायला लागली. मिलिंदचा फोटो तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून आईकडं नौबादला ठेवला होता. का, तर माझ्या घरात बरं दिसणार नाही म्हणून. बाबांना कामून नेत नाहीस, असं करुणानं विचारलं, तेव्हा ती पोरीला रागं भरली होती. मी जवळ जाऊन बसलो. समोर महादेवी होती, त्यामुळं हात कुठं ठेवावा तेही कळेना.

अर्ध्या तासानं पुन्हा फोन. गौरी गावातल्या फ्रेमवाल्याकडं जाऊन आली होती.

"तो न्हाई म्हणायलाय, पप्पा. खोटं कामून बोलायलात? टीचरनी फेकायला लावला का?"

सुजातानं माझ्या हातातून फोन घेतला. "गौरी, फोटो कुणी फेकला न्हाई. तुझी आई इथं आमच्यासोबत हाय. उद्या घेऊन येतो."

मग गौरीनं विचारलं, "तिथं? हनिमूनला?" आणि ती हसली की रडली, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन्हीचा आवाज सारखाच येत होता.

हंपी आम्ही पाहिलीच नाही. सकाळच्या गाडीनं परत निघालो. फोटो सुजाताच्या मांडीवर होता, कारण बॅगेत ठेवायला ती तयार नव्हती आणि माझ्याकडं द्यायला तर अजिबातच नाही. वाटेत नौबादला उतरलो आणि मिलिंदला घेतलं. करुणा दोन दिवस आजीकडंच होती. तिनं बापाचा फोटो छातीशी धरला आणि भालकीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी मी हातोडी घेऊन उभा राहिलो, पण कोण कुठं लावायचं हे बोलायची कुणाची हिंमत होईना. बसवण्णांची तसबीर होतीच. सुजातानं आणलेली बुद्धांची तसबीर अजून कपाटावर आडवी पडली होती. अव्वा खाटेवरून उठली.

"देव वर लाव. दोघंबी एका उंचीला. खाली ही आमची, आन् शेजारी त्ये पोरीचे वडील."

मी विचारलं, "अव्वा, तुला चालतंय?"

"मला इचारून लगीन केलास का? मग खिळ्याला कामून इचारायलास?"

दोन खिळे वाकले, एक अंगठा सुजला. करुणाचा हात पुरेना तेव्हा गौरीनंच स्टूल आणून दिलं. तेव्हापासून संध्याकाळी अव्वा एका तसबिरीपुढं विभूती लावते, सुजाता दुसरीपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणते. गौरी अजून तिला "टीचर" म्हणते. आई म्हणेल असं मी धरून चाललेलो नाही. पण परवा डोकं दुखत होतं, तेव्हा तेलाची बाटली घेऊन ती टीचरकडं गेली. मी शेजारीच बसलो होतो.

मागच्या महिन्यात घरोघरी फिरून माहिती लिहिणाऱ्या एक बाई आल्या. धर्माचा रकाना आला तेव्हा आम्ही सगळेच एकमेकांकडं बघायला लागलो. बाईंनी पेन थांबवून भिंतीकडं पाहिलं. मिलिंदचे दाट केस, रुबाबदार मिशी. शेजारी महादेवी, तिच्या एकुलत्या एक जरीच्या साडीत.

"भाऊ-भावजय का तुमचे?" बाई हळहळल्या. "किती शोभून दिसतोय जोडा."

दोनदा बोहल्यावर चढलो, पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही बाईला बघून असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.