पानावर न बसलेलं गंधक

द्राक्षांच्या ओळींमधून पिवळा ढग अलगद सरकत होता. चांदवडजवळची थंडीतली सकाळ, कोवळं ऊन आणि त्यात तरंगणारी गंधकाची भुकटी. मी भान विसरून बघत होते. ती भुकटी मीच तयार केली होती.

नव्वदच्या दशकात मी नाशिकला अंबड एमआयडीसीत, एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होते. द्राक्षावर भुरी नावाची बुरशी येते, तिच्यावर गंधक धुरळतात. आमची भुकटी डस्टरच्या, म्हणजे धुरळणी यंत्राच्या, प्लास्टिक पाइपला आतून चिकटायची, तिचे गोळे व्हायचे. म्हणून मी कणांवर स्टिअरेट या मेणचट पदार्थाचं कोटिंग चढवलं. पावडर पाण्यासारखी वाहायला लागली. साहेब खूश. म्हणाले, "आता बागेत ट्रायल घ्या."

बाग वत्सलाबाईंची. एका कोपऱ्यात भुरी दिसायला लागली होती.

"मॅडम, औंदा माल एक्स्पोर्टला जायचाय," त्या म्हणाल्या होत्या. "भुरी पसरली तर एक घड घेणार नाय कोणी."

ढग तरंगत तरंगत बांध ओलांडून शेजारच्या कांद्यात उतरला. मी जागी झाल्यासारखी पुढे गेले, एक पान उलटलं. हिरवंगार. दुसरंही तसंच.

"बसलं नाय का?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"नाही. कोटिंग जास्त झालंय."

पाइपात घासताना कणावर वीज चढते. स्वेटर काढताना केस उभे राहतात, तशीच. तिच्यामुळे कण पानाकडे ओढला जातो, पानाच्या मागेसुद्धा बसतो. माझं जाड कोटिंग ती वीज चढूच देत नव्हतं. कण पाइपला चिकटेना, तसा पानालाही चिकटेना.

"पण वाहते किती छान!" कारखान्यात परतल्यावर साहेब म्हणाले.

"हो साहेब, कांद्यात वाहत गेली."

ते हसले नाहीत. पण कोटिंग निम्म्याहून कमी करायला परवानगी दिली.

नवी भुकटी घेऊन गेले, तेव्हा वत्सलाबाई कोपऱ्यातले भुरकट घड कापून टोपलीत टाकत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. धुरळताना भुकटी थोडी चिकटत होती, पाइपला अधूनमधून टपली मारावी लागली. पण पान उलटलं, तर मागच्या लवेवर पिवळी धूळ बारीक, सारखी बसलेली. वत्सलाबाईंनी त्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे बघत राहिल्या.

"आता बसलं," एवढंच म्हणाल्या.

कोपरा गेला, बाकीची बाग एक्स्पोर्टला गेली. पाइप ठोकावा लागतो म्हणून आमचे सेल्सवाले पुढे कायम कुरकुरत राहिले. विकली मात्र तीच भुकटी गेली. तेव्हापासून कोटिंग ठरवायच्या आधी मी एकच विचारते: कण शेवटी बसायला कुठे हवाय?